तळातील माणसे : जहाज, रोग आणि साहित्याची साक्ष

रायपूर शहरातील तेलीबांधा हे नाव मुळात एका तलावाचे आहे. तेली आणि बांध हे दोन्ही शब्द त्या नावात अजून स्पष्ट ऐकू येतात. आता तलावाच्या काठाने फिरण्याचा रुंद रस्ता झाला आहे आणि शहरातील लोक त्याला 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या एका छत्तीसगढी तलावाने मुंबईच्या सागरकिनाऱ्याचे नाव धारण करावे, ही गोष्ट वरवर गमतीची वाटते. समुद्र या प्रदेशाला कधी ठाऊकच नव्हता आणि जहाज हे येथल्या माणसाच्या अनुभवाबाहेरचे होते, असा समज त्या गमतीमागे आहे. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

याच तेलीबांध्यावरून रायपूर-धमतरी ही अरुंदमापी रेल्वे जात असे. तेलीबांधा हे तिचे एक स्थानक होते. आता त्या भागातील रूळ जाऊन तेथे रस्ता झाला आहे. ही रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगढ मोडून पडला होता आणि गावेच्या गावे मजुरीच्या शोधात बाहेर पडत होती. यांतील कितीतरी माणसे मजूर-भरती करणाऱ्या आरकाट्यांच्या हाती लागून आसामच्या चहामळ्यांवर पोहोचली. आसामात आजही छत्तीसगढी बोलणारी कुटुंबे आहेत, ती त्या प्रवासाची जिवंत खूण होय. त्या मार्गावरच्या मुक्कामाच्या छावण्या आणि ब्रह्मपुत्रेवरच्या आगबोटी पटकीसाठी कुप्रसिद्ध होत्या. मळ्यांकडे मजूर नेण्याच्या प्रारंभीच्या काळात, १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत, आसामात उतरलेल्या सुमारे ८५,००० मजुरांपैकी ३०,००० हून अधिक १८६६ च्या मध्यापर्यंत मरण पावले होते. समुद्र न पाहिलेल्या माणसांनाही जहाजाचा तळ भोगावा लागला, एवढे तरी यावरून ध्यानात यावे.

प्रश्न साहित्याचा आहे. माणसांना कोंबून नेणारे जहाज आणि त्या जहाजातील रोग यांची साक्ष कोणी दिली, कोणत्या रूपात दिली आणि मराठी साहित्याने तिच्याकडे कसे पाहिले, हे तपासले असता मराठी वाङ्मयीन दृष्टीचे एक वैगुण्य, आणि तिचे एक अनपेक्षित सामर्थ्यही, समोर येते.

अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापाराचे आकडे आता बऱ्याच प्रमाणात निश्चित झाले आहेत. सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून १८६६ पर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांवर चढविली गेली आणि त्यांतील सुमारे एक कोटी सात लाख पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. मधली अठरा लाख माणसे समुद्रात गेली. त्यांतील बहुसंख्य रोगाने मेली. रक्ती आव हा सर्वांत मोठा मारेकरी होता. त्याच्या जोडीला देवी, ताप, ताज्या अन्नाच्या अभावी होणारा स्कर्व्ही आणि डोळ्यांची साथ हे होते. १८१९ मध्ये 'रोदेर' या फ्रेंच जहाजावर डोळ्यांची साथ पसरली. गुलाम आणि खलाशी दोघेही आंधळे झाले आणि दृष्टी गेलेल्या तीसहून अधिक गुलामांना समुद्रात फेकण्यात आले, कारण आंधळ्या गुलामाला बाजारात किंमत नव्हती. हे रोग प्रवासातले अपघात नव्हते. माणसे पायांत बेड्या घालून कुशीला कूस लावून निजवली, पाणी मोजून दिले, वादळात हवेची भोके बंद केली, शौचासाठी मधोमध पिंपे ठेवली, की आव पसरणारच. रोग हा त्या व्यापाराच्या रचनेतच बसविलेला होता.

या अनुभवाची साक्ष तीन निरनिराळ्या रूपांत आपल्यापर्यंत आली आहे. पहिली वैद्याची. अलेक्झांडर फाल्कनब्रिज हा गुलामांच्या जहाजांवर शल्यवैद्य म्हणून अनेक सफरी केलेला माणूस. १७८८ मध्ये त्याने आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. रक्ती आवेच्या साथीत जहाजाच्या खालच्या मजल्याची जमीन रक्ताने आणि आवेने इतकी माखली होती, की त्याला कत्तलखान्याची उपमा सुचली. तेथे थोडा वेळ थांबताच तो स्वतःच बेशुद्ध पडण्याच्या बेतात आला. त्याच्या लेखनाचे मोल असे की त्यात शरीर आहे, वास आहे, घुसमट आहे. मर्यादा अशी की तो वरून खाली उतरलेला माणूस आहे आणि पुन्हा वर जाऊ शकतो.

दुसरी साक्ष आराखड्याची. 'ब्रूक्स' या जहाजाचा प्रसिद्ध नकाशा १७८८ च्या अखेरीस प्लिमथ येथे छापला गेला. प्रत्येक पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा. त्याच वर्षीच्या कायद्याने या जहाजाला ४५४ माणसे नेण्याची मुभा होती. त्यापूर्वी त्याने सहाशेहून अधिक नेली होती. गुलामगिरीविरुद्ध जनमत तयार करण्यात या एका चित्राचे कार्य अनेक ग्रंथांपेक्षा मोठे ठरले. मात्र चिकित्सक दृष्टीने पाहिल्यास या चित्रातली माणसे विलक्षण स्वच्छ आहेत. सारी सारखी, सारी शांत पडलेली, काळ्या शाईच्या छोट्या आकृती. त्यांना आव झालेली नाही, ती ओरडत नाहीत. दाटी दाखवताना चित्राने दुर्गंधी वगळली आणि संख्या दाखवताना नाव वगळले. त्या कायद्यातही हाच स्वभाव दिसतो. प्रवासात मृत्यू शेकडा दोनपेक्षा कमी राहिले तर कप्तानाला शंभर आणि वैद्याला पन्नास पौंड बक्षीस देण्याची तरतूद त्यात होती. रोग येथे हिशेबाच्या वहीत शिरला.

तिसरी साक्ष भोगलेल्याची. ओलाउडा एक्वियानो याचे आत्मचरित्र १७८९ मध्ये प्रसिद्ध झाले. जहाजाच्या तळातील दुर्गंधी, उष्मा, साखळ्यांच्या घासण्याने चिघळलेल्या जखमा आणि मैल्याची पिंपे यांचे त्यातील वर्णन जगाच्या साहित्यात आता पायाभूत मानले जाते. लहान मुले त्या पिंपांत पडून गुदमरत, हा त्यातला तपशील वाचकाच्या मनातून कधी जात नाही. एक्वियानोचा जन्म खरोखर आफ्रिकेत झाला की अमेरिकेत, याबद्दल पुढे वाद निर्माण झाला, कारण त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मस्थान कॅरोलिना असे आहे. समजा तो अमेरिकेत जन्मला असेल, तर तळातील वर्णन त्याने इतरांच्या तोंडून ऐकून लिहिले असे होईल. तरीही त्या पानांचे साहित्यिक सत्य त्यामुळे नष्ट होत नाही. हजारो मूक माणसांचे ऐकून एकाने पहिल्या पुरुषी एकवचनात बोलणे, ही आत्मचरित्राची फसवणूक मानायची की समूहाच्या वतीने घेतलेली जबाबदारी, हा प्रश्न दलित आत्मकथनांच्या संदर्भात मराठी समीक्षेलाही परका नाही.

या तिन्ही साक्षींपुढे हिंदी महासागर ठेवला की चित्र आपल्या अंगणात येते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरब गलबतांतून चाललेला गुलामांचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही थांबला नव्हता. 'डॅफ्नी' या ब्रिटिश युद्धनौकेचा कप्तान सलिव्हन याने १८७३ च्या आपल्या ग्रंथात पकडलेल्या गलबतांचा तपशील दिला आहे. तळाशी वजनासाठी ठेवलेल्या दगडांवर अंथरूण नसलेल्या स्त्रिया, त्यांच्यावर बांबूंचा माळा, त्यावर पुरुष, त्यावर आणखी एक माळा आणि तेथे मुले. देवी आणि आव यांनी ही गलबते पोखरलेली असत. अशा गलबतांतून सुटका झालेल्या मुलांपैकी अनेक मुंबईस आणली गेली आणि नाशिकजवळच्या शरणपूर येथे मिशनऱ्यांनी चालविलेल्या आश्रमात वाढली. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या मंडळींत तो होता आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीला उपस्थित होता. त्याची रोजनिशी टिकली, ती लिव्हिंग्स्टनमुळे. नाशिकच्या परिसरात लिहायला शिकलेल्या या माणसाजवळ तळाची साक्ष देण्यास अक्षर होते, परंतु जगाने त्याच्याकडून मागितली ती धन्याच्या अखेरच्या दिवसांची हकीकत.

गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा मळेवाल्यांनी करारबद्ध मजुरांकडे दृष्टी वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजुरांना घेऊन मॉरिशसला पोहोचले. हे मजूर छोटानागपूरच्या डोंगराळ मुलखातले, म्हणजे छत्तीसगढच्या शेजारचे होते. पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांवर भारतीय मॉरिशसला गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसेही होती. करारबद्ध मजुरी आणि गुलामगिरी या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. करार काही वर्षांचा असे, मजुरी ठरलेली असे, मूल मळेवाल्याची मालमत्ता होत नसे. तरीही ह्यू टिंकरने १९७४ च्या आपल्या इतिहासग्रंथाला 'गुलामगिरीची नवी पद्धत' असे शीर्षक दिले, ते निराधार नव्हते. जहाजात प्रत्येक प्रौढाला ७२ घनफूट जागा असावी असा नियम झाला, वैद्य नेमला गेला, पाण्याचे माप ठरले. नियमांनी दाटी कमी केली, पण साथ थांबविली नाही. १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून कॅरिबियन बेटांकडे गेलेल्या जहाजांवर मृत्यूचे सरासरी प्रमाण शेकडा १७ च्या वर गेले.

१८५६ च्या जानेवारीत तर मॉरिशसच्या दारातच एक भीषण प्रकार घडला. कलकत्त्याहून आलेल्या 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' या दोन जहाजांवर पटकी होती. सारे मजूर गॅब्रिएल या ओसाड बेटावर उतरवून दिले गेले. निवारा अपुरा, पाणी अपुरे, पावसाळी हवा. तेथे शेकडो माणसे मेली आणि भारत सरकारला मॉरिशसकडील निर्यात काही काळ थांबवावी लागली. ज्यां-मारी गुस्ताव्ह ल क्लेझिओ या फ्रेंच कादंबरीकाराने १९९५ च्या आपल्या 'ला कारांतेन' या कादंबरीत शेजारच्या फ्लॅट बेटावरील विलग्नवासाचे चित्रण केले आहे. तिचे कथन करणारा युरोपीय आहे, आणि मजूर हे त्याच्या प्रेमाचे, भीतीचे व अपराधभावनेचे विषय आहेत. कादंबरी थोर आहे. तळातील माणूस तीतही दुसऱ्याच्या डोळ्यांनीच दिसतो.

मराठी साहित्यात या अनुभवाचे काय झाले? मॉरिशसच्या मराठी भाषकांनी गणपती जपला, जाखडीचा नाच जपला, देवळे जपली. प्रवासाची हकीकत मात्र मराठी वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहात आली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो पडला, तरी १९१७ मध्ये ती भरती थांबण्यास जी चळवळ कारण झाली तिचा हा एक आधारस्तंभ होता. राजकारणात मराठी माणूस या विषयाच्या अग्रभागी असताना साहित्य गप्प राहिले, याचे एक कारण साक्षरतेचे आहे. जे गेले ते लिहिणारे नव्हते आणि जे लिहिणारे होते ते गेले नाहीत. परंतु दुसरे कारण अधिक खोल आहे.

आपल्या परंपरेत समुद्रप्रवासाची भीती विटाळाच्या भाषेत बोलली गेली. काळे पाणी ओलांडले की जात जाते, परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते, हा एकोणिसाव्या शतकातील मराठी वादविवादांचा आवडता विषय होता. विलायतेस गेलेल्या सुशिक्षिताने बोटीवर कोणाच्या हातचे खाल्ले, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. त्याच समुद्रावर त्याच काळात माणसे पटकीने मरत होती, त्यांच्याबद्दल तेवढी शाई खर्च झाली नाही. विटाळ ही कल्पना इतकी प्रबळ होती की तिने रोगाची वस्तुस्थिती झाकून टाकली. 'बाटणे' हा शब्द मराठीजवळ तयार होता. 'तळात गुदमरणे' यासाठी शब्द घडवावा लागला असता.

या पार्श्वभूमीवर विनायक दामोदर सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' या १९२७ च्या ग्रंथातील समुद्रप्रवासाचा भाग वाचला पाहिजे. १९११ च्या जूनअखेरीस 'महाराजा' या आगबोटीने मद्रासहून अंदमानला जाताना जहाजाच्या तळाशी पिंजऱ्यासारख्या जागेत दाटीवाटीने कोंबलेले बंदिवान, आणि रात्रीच्या शौचासाठी ठेवलेल्या पिंपालगतच मिळालेली झोपण्याची जागा यांचे वर्णन त्यात आहे. मराठी गद्यात जहाजाचा तळ इतक्या निःसंकोचपणे प्रथमच आला असावा. एक्वियानोचे पिंप आणि सावरकरांचे पिंप यांची तुलना उद्बोधक ठरते. एक्वियानोच्या पानावर पिंप हे मुलांच्या घुसमटीचे ठिकाण आहे, आणि त्याचा रोख जहाजाच्या मालकाकडे आहे. सावरकरांच्या पानावर पिंप ही स्वतःच्या मनाची कसोटी आहे. लेखक किळस अनुभवतो, तिच्याशी विचाराच्या बळावर झुंजतो आणि तिच्यावर मात करू पाहतो. वर्णनाची धीटता निर्विवाद आहे. पण वाचकाचे लक्ष त्या एका मनाच्या विजयाकडे जाते आणि त्याच जागेतील इतर शरीरे हळूहळू पार्श्वभूमी होतात. घाण ही दुसऱ्याने लादलेली स्थिती आहे, हा विचार मागे पडून घाण ही साधकापुढची परीक्षा ठरते. आपल्या आध्यात्मिक संस्काराने येथे साक्षीला तत्त्वज्ञानाकडे वळविले आहे.

याउलट दिशा मराठीत आधीच दाखविली गेली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना कृतज्ञतेने अर्पण केला. अटलांटिकचा तळ आणि महाराष्ट्रातील शूद्रातिशूद्रांचे जिणे यांना एका शब्दाने जोडण्याचे धाडस त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुढे म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले, जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृती यांवर ग्रंथ लिहिला, आणि १९७२ मध्ये दलित पँथरने तर नावच अमेरिकेतून घेतले. तरीही मराठी समीक्षेने या नात्याची मांडणी मुख्यतः विद्रोह, अस्मिता, नकार अशा संकल्पनांच्या पातळीवर केली. सामायिक होते ते शरीर, आणि शरीराची चर्चा मागे राहिली. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', दया पवारांचे 'बलुतं', लक्ष्मण माने यांचे 'उपरा' या कृतींत मैला, रोग, भूक आणि दाटी हे विषय किळसेच्या परीक्षेसाठी येत नाहीत. ते कोणी तरी कोणावर तरी लादलेले जिणे म्हणून येतात. जहाजाच्या तळासाठी जी भाषा मराठीला हवी होती ती झोपडपट्टीत, पालात आणि महारवाड्यात तयार झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

अलीकडच्या भारतीय कादंबरीत हा धागा पुन्हा हाती आला आहे. अभिमन्यू अनत यांच्या 'लाल पसीना' या १९७७ च्या हिंदी कादंबरीने मॉरिशसच्या मळ्यातील मजुराला वाणी दिली. अमिताव घोष यांच्या २००८ च्या 'सी ऑफ पॉपीज' या कादंबरीतील 'आयबिस' हे जहाज पूर्वी गुलाम वाहून नेणारेच होते. तेच आता गिरमिटियांना मॉरिशसला नेते. एकाच लाकडी तळात दोन इतिहास एकमेकांवर बसविण्याची ही योजना अर्थपूर्ण आहे. तळातील अनोळखी माणसे एकमेकांची 'जहाजी' भावंडे होतात, हा कादंबरीचा गाभा मानला जातो. तिचा खरा कळस मात्र जहाजावर चढण्यापूर्वी, तुरुंगात येतो. उच्चकुलीन जमीनदार नील हा अफूच्या व्यसनाने स्वतःच्याच घाणीत लोळणाऱ्या अनोळखी कैद्याची कोठडी झाडून काढतो आणि त्याला धुतो. एक्वियानोच्या पानावर घाण आरोप होती, सावरकरांच्या पानावर परीक्षा होती. येथे ती दुसऱ्याच्या शरीराशी नाते जोडण्याची जागा झाली. विटाळ मोडल्यावाचून रोगी दिसत नाही, हे घोष यांनी कथेच्या ओघात सिद्ध केले आहे. कादंबरीवर आक्षेप घ्यायचा तर तो असा, की जहाज सुटल्यावर कथानकातील साहस आणि प्रणय यांच्या वेगात रोगाचा संथ, कंटाळवाणा, रोजचा भार हलका होतो. तळातील काळ साहसाच्या गतीने चालत नसे.

तळाचे वर्णन करणाऱ्या लेखकापुढे नेहमीच दोन मोह असतात. एक आकड्याचा, ज्यात माणूस 'ब्रूक्स'च्या नकाशातील आकृती होतो. दुसरा उदात्ततेचा, ज्यात दुःख एका थोर मनाची पायरी बनते. दोन्हींतून वाट काढणारे लेखन थोडे आहे. जे आहे ते रोगाला नियती मानत नाही आणि रोग्याला केवळ करुणेचा विषयही करत नाही. जागा कोणी मोजली, पाणी कोणी रोखले, भोके कोणी बंद केली, हे ते विचारते.

छत्तीसगढच्या मराठी भाषकांना या प्रश्नाचा एक जवळचा वारसा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी कुटुंबे स्थायिक झाली आणि त्याच परंपरेतले माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही १९०१ ची छोटी हिंदी कथा झोपडीतून हुसकावल्या गेलेल्या विधवेची आहे. टोपलीभर मातीचेही ओझे जमीनदाराला पेलत नाही, एवढीच तिची गोष्ट. ज्या वर्षांत ही कथा लिहिली गेली त्याच वर्षांत त्या मुलखातली माणसे माती सोडून आगबोटींच्या तळाकडे चालली होती. कथा झोपडीपाशी थांबते. झोपडी सुटल्यानंतरचा प्रवास, म्हणजे भरतीची छावणी, रेल्वेचा डबा, नदीवरची आगबोट आणि पटकी, लिहिला जाणे बाकी राहिले. तेलीबांध्याच्या काठी समुद्राचे नाव घेणाऱ्या शहराच्या साहित्यावर ते ऋण अजून आहे.